स्वस्तातला छोटा डिजिटल कॅमेरा घेताय? खोक्यावरचं सोडा, लेन्सच्या रिंगवरचं वाचा

माझ्या भाचीला छोटा कॅमेरा हवा होता. फोन आहे की तुझ्याकडे, असं मी म्हटलं तर म्हणाली, फोटो काढायला फोन हातात घेतला की आधी मेसेज दिसतो, मग दुसरा मेसेज, आणि फोटो राहतोच. मुद्दा पटला. तिने स्वतःच ऑनलाइन शोधून एक मागवला, खोक्यावर ही मोठ्ठी अक्षरं, ४८ मेगापिक्सेल, १६ पट झूम, ऑटोफोकस. संध्याकाळी घरातल्या दिव्यात सगळ्यांचे फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर उघडले तर केस म्हणजे नुसता काळा डाग, भुवया ओल्या बोटाने फिसकटल्यासारख्या, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरची एकही तारीख वाचता येईना. "मामा, पीस खराब आला का रे?" पीस खराब नव्हता, ते मॉडेलच तसं होतं.

त्यानंतर मी या विषयात जरा जास्तच घुसलो, दोन कॅमेरे हाताळले, एक विकत घेतला, एक वाळूत मारला (ते पुढे सांगतो). आता कोणी विचारलं की मी जे क्रमाने सांगतो तेच इथे लिहितोय. तुम्ही कधीच कॅमेरा घेतला नसेल असं धरून लिहिलंय, त्यामुळे जाणकारांनी मधले परिच्छेद खुशाल सोडावेत.

पायरी १: फोन जे करत नाही तेवढंच मागा

सगळ्यात आधी एक कटू गोष्ट. स्वस्त छोट्या कॅमेऱ्याचा सेन्सर (उजेड पकडून चित्र बनवणारी आतली चिप) चांगल्या फोनच्या सेन्सरपेक्षा लहान असतो. हो, लहान. बहुतेक स्वस्त कॉम्पॅक्टमधे, म्हणजे अशाच छोट्या कॅमेऱ्यात, १/२.३ इंच नावाचा सेन्सर येतो, तो साधारण ६.२ बाय ४.६ मिलीमीटर, म्हणजे करंगळीच्या नखापेक्षाही छोटा. महागड्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात आता १/१.३ इंचाच्या आसपासचा सेन्सर असतो, त्याचं क्षेत्रफळ जवळपास अडीच पट भरतं. वर फोन एका क्लिकमधे पाच-दहा फ्रेम घेऊन त्या एकत्र शिवतो आणि आपल्याला कळतही नाही. त्यामुळे रात्री, फ्लॅश न लावता, कमी उजेडात फोटो काढायचे असतील तर स्वस्त कॅमेरा घेऊन तुम्ही वैतागाल. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मग घ्यायचा कशाला? माझ्या मते तीनच कारणं खरी आहेत.

एक म्हणजे फ्लॅश. फोनचा "फ्लॅश" हा फ्लॅश नसतोच, तो एलईडी टॉर्च आहे, तो फोटो निघेपर्यंत जळत राहतो आणि तेवढ्यात माणूस हलला की फोटो हलला. कॉम्पॅक्टमधे झेनॉन फ्लॅश असतो, गॅस भरलेली छोटी काचेची नळी, कपॅसिटर चार्ज होतो आणि सगळी वीज एका फटक्यात सोडतो, साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहून कमी वेळात. नाचणारं पोर हवेत गोठतं. ते कडक, चकचकीत, मागे काळोख असलेले जुन्या पार्टीतले फोटो लोकांना जे परत हवेसे झालेत ना, ते नव्वद टक्के या फ्लॅशचं काम आहे, सेन्सरचं नाही.

दुसरं, खरा झूम. लेन्स बाहेर येते, काचा पुढेमागे सरकतात, चित्र मोठं होतं आणि पिक्सेल एकही जात नाही.

तिसरं, तो फोन नाही. भाचीचंच कारण. हे सगळ्यात हलकं वाटतं पण वापरल्यावर सगळ्यात जास्त हेच टिकतं.

यातलं कुठलं कारण तुमचं आहे ते ठरवा. झूम हवा असेल तर लेन्स बघायची, फ्लॅश हवा असेल तर झेनॉन आहे की नाही एवढंच बघायचं, आणि "इन्स्टावर टाकायला फोनपेक्षा भारी क्वालिटी" असं कारण असेल तर स्वस्त वर्गात ते मिळत नाही, पैसे साठवा आणि मोठ्या सेन्सरचा घ्या, किंवा आहे तो फोन नीट वापरा.

पायरी २: लेन्सभोवतीची रिंग वाचा

खोक्यावर कंपनी काहीही छापते. लेन्सच्या पुढच्या रिंगवर मात्र बारीक अक्षरात जे कोरलेलं असतं ते बहुतेक वेळा खरं असतं. ऑनलाइन घेत असाल तर समोरून काढलेला फोटो मोठा करून बघा.

उदाहरण घेऊ. कॅननच्या इक्सस २८५ वर लिहिलेलं असतं ४.५ ते ५४.०, आणि पुढे १:३.६ ते ७.०. पहिली जोडी म्हणजे लेन्सची फोकल लेंग्थ मिलीमीटरमधे. ५४ ला ४.५ ने भागा, १२ येतात. झाला तुमचा खरा झूम, १२ पट. रिंगवर एकच आकडा असेल, समजा नुसतं ७.३६, तर झूम नाहीच, पुढे कोणी कितीही पट म्हणू दे.

दुसरी जोडी म्हणजे लेन्स किती उघडते. इथे आकडा जितका लहान तितका उजेड जास्त. ३.६ ते ७.० चा अर्थ, झूम न करता लेन्स एफ/३.६ पर्यंत उघडते आणि पूर्ण झूम केल्यावर एफ/७ वर येते, म्हणजे उजेड जवळपास चौथा हिस्सा उरतो. म्हणून हे छोटे झूमवाले कॅमेरे उन्हात मस्त आणि घरात झूम केला की कचरा. १.८ ते २.८ असं काही दिसलं तर समजा वरच्या वर्गातला माल आहे.

तिसरं वाचायचं ते सेन्सर, हे रिंगवर नसतं, स्पेसिफिकेशनमधे शोधावं लागतं. इथे एक गंमत आहे. "१ इंची" सेन्सर १ इंचाचा नसतो, तो १३.२ बाय ८.८ मिलीमीटर असतो. हे माप जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळीवरून आलंय, नळीचा बाहेरचा व्यास १ इंच, आतली चित्राची जागा त्याहून बरीच लहान. नळ्या गेल्या, मापाचं नाव चिकटून राहिलं. तरीपण या १ इंचीचं क्षेत्रफळ १/२.३ वाल्याच्या चौपट असतं, फरक डोळ्याला दिसतो आणि खिशालाही कळतो. स्पेसिफिकेशनमधे सेन्सरचं माप दिलेलंच नसेल तर? मी तरी तिथून उठतो.

मेगापिक्सेलचं काय, असा प्रश्न येतोच. १० बाय १५ सेंटीमीटरची प्रिंट काढायला सुमारे २ मेगापिक्सेल पुरतात. ४के टीव्हीचा अख्खा पडदा ८.३ मेगापिक्सेलचा. १२ ते २० मधलं काहीही असलं की विषय संपला.

पायरी ३: फसवा कॅमेरा ओळखा

भाचीच्या कॅमेऱ्यात ४८ मेगापिक्सेल आले कुठून? आत सेन्सर असतो ८ किंवा १३ मेगापिक्सेलचा, कधी त्याहूनही कमी, आणि फोटो सेव्ह करताना कॅमेरा तो ताणून मोठा करतो. याला इंटरपोलेशन म्हणतात. दोन पिक्सेलच्या मधे तिसरा अंदाजाने भरायचा. फाइल मोठी होते, तपशील तेवढाच राहतो, म्हणजे पातळ आमटीत अजून पाणी.

घरी तपासायची सोपी युक्ती अशी. कॅमेरा टेबलावर स्थिर ठेवा, समोर छापील पान लावा, एक फोटो सगळ्यात मोठ्या रिझोल्यूशनवर काढा आणि दुसरा ८ किंवा १२ वर. दोन्ही कॉम्प्युटरवर उघडून पानाचा तोच तुकडा सारख्याच आकारात बघा. मोठ्या फोटोत एकही जास्तीचं अक्षर वाचता आलं नाही तर आकडा खोटा. आम्ही केलं, दोन्हीत तेवढंच वाचता येत होतं, उलट ४८ वाल्यात अक्षरांच्या कडेला पांढरी किनार आली होती.

आणि तो १६ पट डिजिटल झूम. डिजिटल झूम म्हणजे फोटोचा मधला तुकडा कापून मोठा करणं. १६ पट म्हणजे उभा सोळावा आणि आडवा सोळावा भाग, एकूण २५६ वा भाग उरतो. आत १३ मेगापिक्सेलचा सेन्सर धरला तरी हातात राहतात जेमतेम ५० हजार पिक्सेल. ५० हजार! पहिल्या पिढीतल्या फोनचे कॅमेरेही याहून बरे होते.

बाकी खुणा झटपट सांगतो. चालू केल्यावर लेन्स बाहेर येत नाही आणि तरी झूमची जाहिरात आहे, फ्लॅशच्या जागी पिवळट ठिपक्यासारखा एलईडी आहे, ब्रँडचं नाव कधी ऐकलेलं नाही आणि तोच चेहरा दहा वेगवेगळ्या नावांनी दिसतोय, सोबत ट्रायपॉड, कार्ड, पिशवी, दोरी असं सगळं फुकट देतायत. एकटी खूण असली तर चालेल, म्हणजे लेन्स आत असलेले चांगले वॉटरप्रूफ कॅमेरेही आहेत, पण चारपैकी तीन जुळल्या की पुढे जा. अगदी लहान मुलाला खेळायला द्यायचा असेल तर यातलाच एक घ्या, काही बिघडत नाही, फक्त त्याला ४८ मेगापिक्सेलचा कॅमेरा समजू नका.

पायरी ४: नवीन म्हणून नेमकं काय मिळतंय

पर्याय कमी आहेत, आणि त्याला कारण आहे. २०१० च्या सुमाराला जगभरात वर्षाला १२ कोटींच्या वर डिजिटल कॅमेरे जात होते, त्यात बहुतांश हेच छोटे. फोन सुधारले आणि हा बाजार जो कोसळला, तो इतका की मोठ्या कंपन्यांनी स्वस्त मॉडेल्स एकेक करून बंद केली. आता तरुण मंडळी परत मागायला लागलीत तेव्हा कंपन्या जुनंच कपाट उघडून बघतायत. त्यामुळे "नवीन" शब्दाला भुलू नका, नव्या खोक्यात दहा वर्षं जुनी रचना असू शकते. वाईट आहे असं नाही, माहीत असावं इतकंच.

याचा सगळ्यात उघड नमुना म्हणजे कॅनन. इक्सस २८५ एचएस मूळचा २०१६ चा, २० मेगापिक्सेल, १२ पट झूम, २५ ते ३०० मिलीमीटर (रिंगवरचे ४.५ ते ५४ च, पण जुन्या ३५ मिलीमीटर फिल्मच्या हिशोबात सांगितलेले, पुढे सगळीकडे हाच हिशोब). २०२५ मधे कॅननने तोच परत आणला, नावापुढे एक ए जोडला आणि मोठ्या एसडी कार्डाऐवजी मायक्रोएसडी कार्ड घातलं. आतला सेन्सर तोच, लेन्स तीच. म्हणून जुना २८५ चांगल्या स्थितीत मिळत असेल तर नवीनच पाहिजे असा हट्ट धरायचं कारण मला दिसत नाही, फक्त बॅटरी आणि वॉरंटीचा हिशोब करा.

कोडॅकच्या नावाने पिक्सप्रो मालिका मिळते. ही जुन्या कोडॅकने बनवलेली नाही, जेके इमेजिंग नावाची कंपनी कोडॅकचं नाव परवान्यावर घेऊन विकते. त्यातला एफझेड५५ मला पहिल्या कॅमेऱ्यासाठी सगळ्यात साधा आणि प्रामाणिक वाटतो, १६ मेगापिक्सेल, ५ पट खरा झूम, २८ पासून १४० मिलीमीटर, झेनॉन फ्लॅश, आणि फुल एचडी व्हिडिओ. त्याचा धाकटा भाऊ एफझेड४५ त्याहून स्वस्त, ४ पट झूम, आणि तो साध्या दोन डबल-ए सेलवर चालतो. डबल-ए म्हणजे वजन वाढतं पण जगात कुठेही सेल मिळतात, माझ्या आईला मी हाच सुचवला कारण चार्जर हरवला तरी दुकानातले सेल घालून काम चालतं. मात्र एरवी साधे सेल न घालता रिचार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड घाला, साधे फ्लॅशपुढे लवकर दम तोडतात.

झूमच हवा, पक्षी बघायचेत, स्टेडियमच्या मागच्या रांगेत बसायचंय, तर पॅनासोनिकचा ल्युमिक्स टीझेड९९, काही देशांत तोच झेडएस९९ नावाने मिळतो, २०२५ चा. ३० पट झूम, २४ ते ७२० मिलीमीटर, आणि जॅकेटच्या खिशात मावतो. यूएसबी-सी आहे. आधीच्या मॉडेलला डोळा लावून बघायची खिडकी होती ती यात काढून टाकलीय, आणि इतक्या लांबच्या झूमला ती खिडकी खरंतर हवी असते कारण डोळ्याला टेकवला की कॅमेरा हलत नाही. हा आधीच्या दोघांपेक्षा बराच महाग.

पाणी, चिखल, ट्रेक असेल तर ओएम सिस्टिमचा टीजी-७, २०२३ चा. १२ मेगापिक्सेल, पण लेन्स एफ/२ पर्यंत उघडते, १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि १ सेंटीमीटरवरून मुंगीचा फोटो काढतो. लेन्स बाहेर येत नाही म्हणून वाळूचा त्रास नाही. (हे वाक्य मी दुःखाने लिहितोय.) हाही स्वस्त नाही.

आणि मग खेळणी. २०२५ मधे आलेला कोडॅक चारमेरा किल्ल्यांच्या जुडग्यात लटकतो, ३० ग्रॅम, १.६ मेगापिक्सेल. तो लपवत नाही की मी १.६ आहे, त्यामुळे मला त्याबद्दल राग नाही. मजा म्हणून घ्या, सहलीचा एकमेव कॅमेरा म्हणून नको.

सोनीची आरएक्स१०० मालिका, कॅननचा जी७ एक्स, रिको जीआर, फुजीचा एक्स१०० ही नावं तुम्ही ऐकली असतील. सगळे झकास, पण "परवडणारे" या शब्दात बसत नाहीत, इथेच थांबतो.

दुसऱ्याने वापरलेला, २००५ ते २०१० मधला सीसीडी, म्हणजे जुन्या प्रकारच्या, सेन्सरवाला घ्यावा का? सध्या त्याची क्रेझ आहे, रंग वेगळे येतात म्हणतात. रंगांचा बराचसा भाग त्या काळच्या आतल्या प्रोसेसिंगचा आणि फ्लॅशचा असतो, सीसीडीत जादू नाही. घेतलात तर दोन गोष्टी बघा. काही जुन्या ऑलिंपसना एक्सडी कार्ड आणि सोनींना मेमरी स्टिक लागते, ती शोधत बसावं लागेल. आणि २००६ च्या आधीचे पुष्कळ कॅमेरे २ जीबीवरचं एसडी कार्ड ओळखतच नाहीत, तुम्ही ६४ चं घालाल आणि पडद्यावर कार्ड एरर बघत बसाल.

पायरी ५: कार्ड, बॅटरी, वायर

कार्ड ३२ किंवा ६४ जीबीचं, नामांकित कंपनीचं, यू१ (ही कार्डाच्या वेगाची खूण) लिहिलेलं चालतं, ४के व्हिडिओ असेल तर यू३ किंवा व्ही३०. मोठं एकच कार्ड घेण्यापेक्षा लहान दोन घ्या. खोटी कार्डंही भरपूर आहेत, वर १२८ लिहिलेलं आणि आत ८, त्यामुळे नवीन कार्ड आलं की कॉम्प्युटरवरून ते काठोकाठ मोठ्या व्हिडिओ फाइल्सनी भरा आणि त्या परत चालवून बघा. अर्ध्यावरच्या फाइल्स उघडल्या नाहीत की समजलं.

बॅटरीचा "इतके शॉट्स" हा आकडा कुठून येतो ते कळलं की तो वापरता येतो. ती चाचणी ठरलेली असते, ३० सेकंदाला एक फोटो, दर दुसऱ्या फोटोला फ्लॅश, मधे झूम आणि चालू-बंद. तुम्ही फ्लॅश कमी वापरलात तर जास्त फोटो निघतील, व्हिडिओ काढलात किंवा दर फोटोनंतर पडद्यावर सगळ्यांना दाखवत बसलात तर कमी. सुटी बॅटरी एक घ्याच, आणि विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इन सामानात चालत नाही.

पोर्ट यूएसबी-सी असेल तर उत्तम. युरोपियन युनियनने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या उपकरणांना, त्यात डिजिटल कॅमेरेही आले, सामाईक चार्जिंग पोर्ट सक्तीचा केला, म्हणून नव्या मॉडेल्समधे ते दिसायला लागलंय. जुन्या रचनांमधे मायक्रो किंवा मिनी यूएसबी निघतं, ती वायर घरात शोधून ठेवा.

पायरी ६: परत करायची मुदत आहे तोवर हे करा

खोकं उघडल्यावर पहिल्या दोन दिवसांत. पुढे ढकललंत तर राहून जातं.

भिंतीला वर्तमानपत्राचं उघडं पान चिकटवा, कॅमेरा त्याच्या बरोबर समोर आणि सरळ ठेवून फोटो काढा. चारही कोपरे मोठे करून बघा. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणारच, पण एकच बाजू विरघळलेली आणि बाकी तीन ठीक असं असेल तर लेन्स आत तिरकी बसलीय, परत पाठवा. मी बघितलेल्या एकात उजवीकडच्या सगळ्या मथळ्यांना सावली होती, विकणाऱ्याचं म्हणणं "स्वस्तात असंच असतं". नसतं असं.

मग झूम पुढेमागे दहा वेळा करा, आवाज सारखा यायला हवा, करकर नको. लेन्सवर हात ठेवून अंधारात एक फोटो काढा, त्यात लाल-निळे-पांढरे चमकते ठिपके दोनचार असतील तर चालतं, चांदणं पसरलं असेल तर नाही. दहा मिनिटांचा व्हिडिओ सलग काढा. फ्लॅश पाचसहा वेळा उडवा आणि मधे किती वेळ थांबायला लागतं ते मोजा, बॅटरी भरलेली असताना दर वेळी दहा सेकंद लागत असतील तर पार्टीत तुम्ही वेडे व्हाल.

पायरी ७: सेटिंग्ज, एकदाच

तारीख-वेळ आधी. हे सगळे टाळतात आणि मग सहलीचे फोटो फोनच्या गॅलरीत पाच वर्षं मागे जाऊन बसतात. फोटोवर नारिंगी तारीख छापायचा पर्याय वेगळा असतो, तो दिसतो छान पण फोटोतच भाजला जातो, नंतर निघत नाही.

डिजिटल झूम बंद. फोटोचा आकार सगळ्यात मोठा, क्वालिटी फाइन. स्टॅबिलायझर (हाताचा हलका कंप सावरणारा) चालू. बीप बंद, आजूबाजूच्यांवर उपकार करा. फाइल नंबरिंगला "कंटिन्यूअस" निवडा, नाहीतर दर वेळी कार्ड फॉरमॅट केलं की नंबर परत १ पासून सुरू होतो आणि कॉपी करताना जुन्या फोटोंवर नवे चढतात.

आयएसओला (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा) वरची मर्यादा घालता येत असेल तर १/२.३ सेन्सरला ८०० ठेवा. त्याच्यावर गेलं की चेहऱ्याचं मेण होतं. प्रोग्रॅम मोड असेल, बहुतेक पी अक्षर असतं, तर ऑटोऐवजी तोच वापरा, बाकी सगळं कॅमेरा बघतो पण फ्लॅश आणि उजेड तुमच्या हातात राहतो. अधिक-उणे असं चिन्ह म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायचं बटण, आकाश पांढरंफटक येत असेल तर उणे करा, अर्ध्या-एका घराने.

पायरी ८: बोटाची सवय बदला

फोनवरून आलेल्या प्रत्येकाची पहिली तक्रार असते, "दाबलं की उशिरा निघतो, आणि सगळे हललेले". कॅमेऱ्याचा दोष नसतो. शटरचं बटण दोन टप्प्यांचं असतं हे कोणी सांगितलेलं नसतं.

बोट बटणावर ठेवा आणि हळूहळू दाबा. मधे एक अगदी हलका अडथळा लागतो, तिथे थांबा. लेन्समधून किर्र असा बारीक आवाज येतो, पडद्यावर हिरवी चौकट येते. कॅमेऱ्याने फोकस पकडला, उजेड मोजला, आता तो तुमची वाट बघतोय. बोट तसंच धरून ठेवा, हसणं आलं, मेणबत्त्या फुंकल्या गेल्या, की उरलेलं अर्धं दाबा. फोटो जवळजवळ त्याच क्षणी निघतो. चौकट लाल किंवा पिवळी आली तर फोकस लागला नाही, जरा मागे व्हा, बोट सोडा, परत. भाचीला हे मी डोळे मिटून वीस वेळा करायला लावलं, नुसतं अडथळा शोधायला. ती हसत होती, पण त्यानंतर तिचे हललेले फोटो निम्म्याच्या खाली आले.

फ्लॅशची पण एक रीत आहे. त्याचा उजेड अंतरासोबत फार झपाट्याने पडतो, अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा, १ मीटरवरून ४ मीटरवर गेलात तर सोळावा. म्हणून एक ते अडीच मीटरमधे राहा, झूम करू नका, चालत जवळ जा. स्टेडियममधे मागच्या रांगेतून जे हजारो फ्लॅश उडतात ते फक्त पुढच्या माणसाचं डोकं उजळतात. एका मीटरच्या आत गेलात तर चेहरा पांढरा पडतो, मग फ्लॅशवर पातळ पांढऱ्या कागदाचा तुकडा बोटाने धरा, दुसरं काही विकत घ्यायची गरज नाही.

मागचा काळोख नको असेल तर सीन मोडच्या यादीत नाइट पोर्ट्रेट किंवा स्लो सिंक शोधा. त्यात फ्लॅश उडतो आणि शटर थोडा वेळ उघडंच राहतं, माणूस गोठतो आणि मागचे दिवे पण येतात. हात हलला तर दिव्यांच्या रेघा येतात, त्या मला आवडतात, तुमचं तुम्ही ठरवा. आणि भर दुपारी झाडाखाली चेहरे काळे येतात तेव्हा फ्लॅश जबरदस्तीने चालू करा, लोक हसतील की उन्हात फ्लॅश, फोटो बघून गप्प बसतील.

पूर्ण झूमला दोन्ही कोपर पोटाला टेकवा किंवा खांबाला टेका. दोन सेकंदांचा टायमर लावला तर बटण दाबायचा धक्काही जातो.

पायरी ९: फोटो फोनवर आणायचे

वायफाय असलेल्या कॅमेऱ्यांना कंपनीचं अ‍ॅप लागतं, चाललं तर छान, पण ही अ‍ॅप्स जुन्या मॉडेल्सना मधेच सोडून देतात. मी यूएसबी-सीचा छोटा कार्ड रीडर वापरतो. कार्ड घाला, फोनला लावा, फाइल्समधे डीसीआयएम नावाचा फोल्डर उघडा, हवे ते कॉपी. पुढे पाठवताना चॅट अ‍ॅपमधे फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर अ‍ॅप तो दाबून इतका छोटा करतं की कॅमेरा घेतला कशाला असं वाटतं.

कॉपी झाल्यावर, आणि दुसरीकडे एक प्रत ठेवल्यावर, कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोनवरून एकेक डिलीट करत बसू नका, कार्डाचा हिशोब बिघडतो.

आता वाळू. समुद्रावर मी कॅमेरा हातात धरून चाललो होतो, वारा होता, चालू केला, लेन्स बाहेर आली, फोटो काढला, बंद केला, लेन्स आत गेली आणि अर्ध्यावर अडकली. खर्र खर्र, मग पडद्यावर "लेन्स एरर, रीस्टार्ट करा". वाळूचा एक कण नळ्यांच्या फटीत गेला होता. दुरुस्तीवाला म्हणाला नवीन घ्या, लेन्सचा अख्खा ब्लॉक बदलायला लागेल. तेव्हापासून वाळू असेल तिथे कॅमेरा झिप असलेल्या प्लॅस्टिक पिशवीत, आणि जीन्सच्या खिशात ठेवण्याआधी खिसा उलटा करून झटकायचा, कारण खिशातला कचरा पण तेच करतो. थंड एसीतून दमट हवेत आलात तर तीच पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबा, बाष्प पिशवीवर जमतं, लेन्सच्या आत नाही. महिनोन्महिने वापरायचा नसेल तर बॅटरी साधारण अर्धी चार्ज करून बाहेर काढून ठेवा.

भाचीने तो ४८ वाला परत पाठवला आणि आता तिच्याकडे एफझेड५५ आहे. परवा तिने अंधाऱ्या जिन्यात माझा फोटो काढला, फ्लॅश थेट तोंडावर, डोळे अर्धे मिटलेले, मागे नुसता काळोख. डिलीट कर म्हटलं तर करत नाही.